फिरत्या घराची गळती

घराचे शत्रू पुष्कळ आहेत. चोर आहे, आग आहे, वाळवी आहे, आणि आपल्याकडे भाऊबंदकीही आहे. परंतु या सर्वांत मला पाण्याची जितकी धास्ती वाटते तितकी दुसऱ्या कशाचीही वाटत नाही. चोर येऊन जातो. आग लागली तर साऱ्या आळीस कळते. पाणी मात्र चोरपावलाने येते, भिंतीच्या पोटात महिनोन्महिने बिऱ्हाड करते, आणि त्याचा पत्ता लागतो तेव्हा तक्रार करण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

कोकणात वाढलेल्या माणसास हे निराळे सांगावयास नको. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील घरी वैशाख अर्धा सरला की शाकारणी सुरू होई. कौले उतरावयाची, झाडावयाची, फुटकी वेगळी काढावयाची, कुजका वासा दिसला तर बदलावयाचा आणि पुन्हा सारे छप्पर रचावयाचे. हे दरवर्षी करावयाचे असते याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. घर एकदा बांधले म्हणजे काम संपले, असे मानणारा मनुष्य आमच्या गावात वेडा ठरला असता. कौलारू छपराची युक्ती तशी साधी आहे. वरचे कौल खालच्या कौलावर चढते. पाण्याला अडविण्याच्या भरीस कोणी पडत नाही; त्याला खाली जाण्याची वाट तेवढी दाखवितात. त्यात कोठे चिकटवण नाही, की लुकण नाही. कौल फुटले तर फटीतून उजेड दिसतो, आणि गळू लागले तर थेंब सरळ खाली पडतो. कोणत्या खोलीत कोणते पातेले ठेवावयाचे हे आमच्या आजीला पाठ होते. घर गळत असे, परंतु ते उघडपणे गळत असे.

या जुन्या गोष्टी मला नव्याने आठवल्या त्या एका गाडीमुळे, आणि ती गाडी होती अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातील टकोमा शहरी, माझ्या धाकट्या बंधूच्या घराशेजारी उभी असलेली. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे दीड महिना राहिलो होतो. तिकडे जिला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, तशी ती सोळा फुटांची छोटी गाडी. तिला स्वतःचे यंत्र नसते. मोटारीच्या मागे जोडून ती ओढावयाची. आत मात्र संसार सगळा. दोघांचा बिछाना, तिसऱ्यासाठी उघडमीट करावयाचे बाक, गॅसची शेगडी, मोरी, कपाटे, आणि एका कोपऱ्यात न्हाणीघर व शौचालय एकत्र. मुंबईच्या चाळीत दहा माणसांनी ज्या काटकसरीने जागा वापरली तिची आठवण व्हावी अशी ती रचना असते. भेद एवढाच की, चाळीतली खोली ताशी साठ मैलांच्या वेगाने पावसातून धावत नसे.

चाकांवरचे घर ही कल्पना काही आजची नाही. जिप्सी आणि सर्कशीवाले यांची घरे पूर्वापार चाकांवर आहेत. परंतु केवळ हौसेखातर असे घर बांधून घेणारा पहिला मनुष्य म्हणून गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टराचे नाव बहुधा घेतले जाते. आरमारात वैद्यकी करून निवृत्त झालेल्या आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणाऱ्या या गृहस्थाने १८८५ साली ब्रिस्टलच्या एका गाड्या बांधणाऱ्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी करवून घेतली, आणि एक सारथी, एक गडी, एक कुत्रा व एक काकाकुवा बरोबर घेऊन दक्षिण इंग्लंडातून थेट इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. गाडी महॉगनीची होती आणि बांधणारे लोक आगगाडीचे डबे बांधणारे होते. तिचे वजन इतके की चढावर घोड्यांचा जीव मेटाकुटीस येई. आजच्या गाड्या हलक्या असतात, कारण घोड्यांऐवजी पेट्रोल खर्च होते आणि त्याचे पैसे मालकाला दर मैलास मोजावे लागतात. हलकेपणा विकत घेताना माणसाने त्याबरोबर आणखी काय विकत घेतले, हाच माझ्या बंधूच्या गाडीचा इतिहास आहे.

अमेरिकेतील बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्याच्या उत्तर भागात, एल्कहार्ट या शहराच्या आसपास तयार होतात. त्यांतील अगदी सामान्य गाडीचा सांगाडा दीड-दोन इंच जाडीच्या लाकडी पट्ट्यांचा असतो. वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत कागदी नक्षीचे पातळ प्लायवुड, आणि मध्ये काचतंतूंची गादी. दुसऱ्या प्रकारात हे सर्व थर एकमेकांस चिकटवून दाबतात आणि बाहेरून गुळगुळीत फायबरग्लास लावतात. ती गाडी दिसावयास अधिक देखणी. छपरावर बहुधा रबराचे कापड ताणून बसविलेले असते. येथवर सारे ठीक आहे. पाणी अखंड पत्र्यातून किंवा अखंड रबरातून आत येत नाही. ते येते सांध्यातून. आणि या एवढ्याशा घराला सांधे किती! छप्पर व भिंत जेथे मिळतात ते चारी काठ, चार कोपरे, प्रत्येक खिडकी, दार, छतावरचे झरोके, शौचालयाच्या वायुनळीचे भोक, कडेचे दिवे, पडवीसारखे बाहेर ओढावयाचे कापडी छत जेथे अडकविले आहे ती पट्टी, आणि ह्या सर्वांना धरून ठेवणारे ते शेकडो स्क्रू. एकेक स्क्रू म्हणजे मालकाने पैसे देऊन पाडून घेतलेले एकेक छिद्रच.

ही छिद्रे बुजवितात ती ब्यूटाइल रबराच्या चिकट पट्टीने आणि वरून ओतलेल्या सीलंटने, म्हणजे एक प्रकारच्या लुकणाने. कौलासारखी एकावर एक चढण येथे थोडी. भिस्त सारी चिकटपणावर. आता लाकूड आणि ॲल्युमिनियम ह्यांचा स्वभाव जुळत नाही. पाच मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी थंडीतून उन्हात आली आणि चाळीस अंशांचा फरक पडला, तर ती सुमारे साडेचार मिलिमीटर वाढते. तिच्याखालचे लाकूड त्या मानाने जवळजवळ जागचे हलत नाही. वर्षानुवर्षे ही ओढाताण चालते आणि मधला लुकणाचा लेप दोहोंकडून ताणला जातो. जोडीला रस्त्याचे हादरे. स्थिर घराला भूकंप क्वचित होतो. या घराला तो प्रत्येक सहलीत तासन् तास होत असतो. अशा स्थितीत लेपाला कधी ना कधी भेग पडणार हे उघडच आहे, आणि माहितगार कारखानदारही ते नाकारीत नाहीत. त्यांच्या माहितीपुस्तकात, पुष्कळ पाने उलटल्यावर, मालकाने दर तीन महिन्यांनी सर्व सांधे तपासून जरूर तेथे सीलंट पुन्हा लावावे, अशा अर्थाचे वाक्य बहुधा सापडते. ते वाक्य विक्रीच्या दिवशी कोणी मोठ्याने वाचून दाखवीत नाही.

माझ्या बंधूने गाडी घेतली २०२१ साली. महामारीने विमाने व हॉटेले बंद पाडली होती आणि साऱ्या अमेरिकेने एकाच वेळी रानात जाण्याचे मनावर घेतले होते. त्या एका वर्षात तेथील कारखान्यांतून अशी लहानमोठी सुमारे सहा लक्ष वाहने बाहेर पडली. पूर्वी कधी इतकी पडली नव्हती. त्यांतील बऱ्याच कारखान्यांत मजुरी नगावर असते. ठरलेले नग पुरे झाले की घरी जावयाचे. म्हणून लोक पहाटे चार-पाचला कामाला लागतात आणि दुपारच्या आत मोकळे होतात. त्या प्रदेशातील आमिश पंथाचे अनेक लोक या धंद्यात आहेत. स्वतः मोटार न बाळगणाऱ्या माणसांनी मोटारीमागून धावणारी घरे बांधावीत हा दैवाचा विनोदच म्हणावा. परंतु ते नाणावलेले सुतार आहेत, आणि त्यांच्या हातांना मी दोष देणार नाही. हात उत्तम असून वेळ अपुरा असला म्हणजे काय होते हे मी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांच्या मंडळीत तीस वर्षे पाहत आलो आहे. दर नगास पैसे मिळू लागले की शेवटचा सांधा आणि शेवटचा प्रश्न यांचे नशीब सारखेच.

गाडीच्या दाराजवळ उद्योगाच्या संघटनेची एक मुद्रा चिकटविलेली असते. बंधूने ती मला कौतुकाने दाखविली होती. पुढे चौकशी करता कळले की, ती मुद्रा वीज, गॅस, नळ आणि आगीपासून संरक्षण यांच्या नियमांबद्दल आहे. घर जळू नये याची काळजी त्यात आहे. घर गळू नये याचा त्या मुद्रेशी संबंध नाही.

मी पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने दार उघडले आणि मला प्रथम वास आला. बंद पोथ्यांच्या कपाटाचा, श्रावणातल्या माजघराचा तो वास. बंधू म्हणाला, “दादा, हा वास हिवाळ्यापासून आहे. गाडी बंद असते म्हणून येतो, असं मी धरून चाललो होतो.” भावजय काही बोलली नाही, तिने पुढच्या खिडकीखालच्या भिंतीवर अंगठा टेकविला आणि तो सहज आत गेला. भिजल्या पुठ्ठ्यावर नख उमटावे तसा त्याचा ठसा उमटला.

टकोमाच्या पावसाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या लोकांचा त्याविषयी गैरसमज असतो. शेजारच्या सिएटलला वर्षाकाठी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईला त्याच्या दुपटीहून अधिक. आकड्यांवरून मुंबईकराने हसावे. परंतु आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने ऊन सर्व हिशेब चुकते करते. तिकडे ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत आभाळ नुसते ठिबकत असते. पाणी थोडे, पण वाळण्यास सवड नाही. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिले तर बुरशीला सहसा थारा मिळत नाही. ते वर गेले आणि वरच राहिले, म्हणजे कुजणे सुरू होते. म्हणून लाकूड किती भिजले यापेक्षा ते कधी वाळले हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इंग्लंडातील लोक पावसाळी हवेत मुरलेले असल्यामुळे म्हणा, तिकडे अशा गाड्यांची दरवर्षी ओलाव्याची तपासणी करून घेण्याची चाल आहे. दोन टोकांचे एक छोटे यंत्र भिंतीवर ठिकठिकाणी टेकवितात आणि आकडे नकाशावर मांडून मालकाच्या हाती देतात. ही त्यांची शाकारणीच. अमेरिकेत ती चाल फारशी रुजलेली दिसत नाही. तेथील गाडी नवी असते तोवर नवी असते, आणि मग एकदम जुनी होते.

आम्ही आतला प्लायवुडचा तक्ता काढला. आतील लाकडी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या आणि एक तर बोटाने चुरली. पाणी मात्र खिडकीतून आलेले नव्हते. ते शिरले होते त्याच्या पाच फूट वर, छपराच्या कोपऱ्यावरील पट्टीच्या एका स्क्रूशेजारून. तेथून लाकडाच्या कडेने उतरत, काचतंतूंच्या गादीत मुरत, खिडकीच्या चौकटीशी अडले होते. कौलातून थेंब पडला तर त्याच्या डोक्यावर पाहावे. येथे मात्र गळतीचे तोंड एकीकडे आणि पोट दुसरीकडे. पट्टी उचलून पाहिली तेव्हा तिच्याखाली चिकट पट्टी एका जागी चार बोटे अपुरी पडलेली आढळली. बाहेरून सीलंटचा सुबक पांढरा गोफ होता. त्याने ती उणीव दोन वर्षे झाकून ठेवली.

हमी एका वर्षाची होती आणि ती संपून गेली होती. विक्रेत्याने दर तिमाहीच्या तपासणीच्या नोंदी मागितल्या. अशा नोंदी ठेवाव्या लागतात हे बंधूला तेव्हाच कळले. दुरुस्ती करणाऱ्याने जो अंदाज दिला तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या घरात जात होता. गाडीचे हप्ते अजून चालू होते. मुलगा आणखी एका वर्षाने कॉलेजात जाणार, त्यापूर्वीचे दोन उन्हाळे त्याच्यासह पर्वतांत काढावे एवढ्यासाठी ती घेतलेली; त्यांतला एक संपला होता.

मग त्या विक्रेत्यानेच एक सोपी वाट सुचविली. नवा तक्ता लावावा, वर पडदा टाकावा, आणि जुलैत कोरडे ऊन पडले म्हणजे गाडी विकून टाकावी. त्या प्रांतात जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. वास राहत नाही, यंत्र टेकविले तरी आकडा बरा येतो. बंधू दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने जाहिरात दिली, आणि थोड्याच दिवसांत एक वृद्ध दांपत्य गाडी पाहावयास आले. दोघेही निवृत्त शिक्षक. बाईंनी गाद्या दाबून पाहिल्या, पडद्यांची तारीफ केली, शेगडी पेटवून पाहिली. गृहस्थांनी टायर पाहिले. भिंतींकडे दोघांनीही पाहिले नाही. घर घेताना माणसे कोठे पाहतात हे मी त्या दिवशी बारकाईने पाहिले; जेथे विकणारा दिवा लावतो तेथेच.

बंधूने माझ्याकडे पाहिले. मी थोरला असलो तरी हप्ते त्याचे होते. मी तोंड उघडले नाही. तेवढ्यात भावजय घरातून चहाचा ट्रे घेऊन आली. त्यावर कपांच्या बाजूला तिने त्या चुरलेल्या लाकडाचा वीतभर तुकडा ठेवला होता. “हे पुढच्या भिंतीतून निघालं,” एवढेच ती त्यांना इंग्रजीत म्हणाली. गृहस्थांनी तुकडा हातात घेतला, वास घेतला, आणि खिशातील रुमालाने बोटे पुसली. त्यांनी चहा घेतला, आभार मानले, आणि ते निघून गेले. त्यांचा फोन आला नाही. रात्री जेवताना नवराबायको माझ्यासमोर एकमेकांशी फार थोडे बोलली. ताटे उचलताना बंधू म्हणाला, “निदान जाहिरात तरी काढून टाकायला हवी.”

त्यानंतर त्याने कामास हात घातला आणि मीही जमेल तेवढा लागलो. त्या निमित्ताने गाड्यांच्या जातीकुळींचे बरेच ज्ञान माझ्या पदरात पडले. न गळणारी गाडी असते काय, हा माझा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर लोक दोन नावांनी देतात. पहिली एअरस्ट्रीम. वॉली बायम या गृहस्थाने १९३६ साली ‘क्लिपर’ नावाची ॲल्युमिनियमची, विमानाच्या धर्तीवर रिव्हेट मारलेली, अंड्यासारखी गोल गाडी काढली. तिचे वंशज आजही चकाकत असतात. आकार असा की पाणी कोठे साचू नये. परंतु जुन्या एअरस्ट्रीम दुरुस्त करणाऱ्यांस विचाराल तर ते प्रथम मागच्या बाजूची जमीन उचकटून पाहतात, कारण कवच चांदीसारखे असले तरी खालचे प्लायवुड शेवटी प्लायवुडच असते.

दुसरे नाव मला अधिक आवडले. कॅनडात विनिपेग येथे रे ओलेको नावाच्या माणसाने फायबरग्लासची मैलाटाकी तयार केली होती. तिजवरून त्याला सुचले की, ज्या कवचातून आतले बाहेर जात नाही त्यातून बाहेरचे आतही येणार नाही. १९६८ साली त्याने वरचे व खालचे असे दोन अर्धे साच्यातून काढून, कमरेशी जोडून तेरा फुटांची ‘बोलर’ नावाची गाडी बनविली. मैलाटाकीच्या वंशात जन्मलेले घर म्हणून नाक मुरडू नये; तत्त्व शंभर नंबरी आहे. छप्पर व भिंत यांच्यामध्ये सांधाच नाही. सांगाडा लाकडाचा नाही, तेव्हा कुजावयाचे भय थोडे. पुढे अमेरिकेत त्याच बेताच्या गाड्या निघाल्या आणि पन्नास वर्षांच्या जुन्या गाड्यांनाही आज गिऱ्हाईक असते. त्याही खिडक्यांच्या व झरोक्यांच्या काठाने गळतातच, कारण तेथे शेवटी कवचाला भोक पाडावेच लागते. परंतु गळाल्या तरी दुरुस्त करून पुन्हा वापरता येतात. माझ्या मते घराची खरी प्रत ते गळते की नाही यावर ठरू नये. गळाल्यानंतर त्याचे काय उरते यावर ठरावी.

बंधूच्या गाडीचे जे उरले होते त्यावर आम्ही तीन आठवडे काढले. कुजलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या घातल्या. छपराच्या कडेच्या चारी पट्ट्या काढून, जुने लुकण खरवडून (हे काम सर्वांत कंटाळवाणे, आणि कारखान्यात ते कोणास करावे लागत नाही), नवी ब्यूटाइलची पट्टी अखंड लावली. चौथ्या दिवशी पुतण्याही आमच्यात येऊन मिसळला. सोळा वर्षांच्या मुलाने हातातले यंत्र टाकून खरवडणी हाती घ्यावी हा मला मोठा चमत्कार वाटला. शेवटी परीक्षा. ती मोठी गमतीची असते. दारे-खिडक्या बंद करून झरोक्यातून पंख्याने आत हवा कोंडतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडतात. जेथे फट असेल तेथे बुडबुडे येतात. पुतण्या शिंपडत होता, भावजय शिडी धरून उभी होती, आणि बंधू छपरावर पोटावर पडून कडा न्याहाळीत होता. पुढच्या कोपऱ्यावर काही आले नाही. मागच्या दिव्यापाशी मात्र एक बुडबुडा फुगला, फुटला, दुसरा फुगला. आम्ही चौघेही त्याकडे पाहत राहिलो. मग बंधूने खिशातून खडू काढून तेथे फुली मारली.

जूनच्या मध्याला कॉलेज उघडत असल्यामुळे मला परत यावे लागले. ते तिघे ऑगस्टमध्ये माउंट रेनियरच्या पायथ्याशी आठ दिवस राहून आले असे कळले. गाडी ते आता विकणार नव्हते, अर्थात विकू म्हटले तरी फार काही येणार नव्हते. पाऊस सुरू झाल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, मला बंधूचा निरोप आला. त्याने ओलावा मोजण्याचे ते यंत्र विकत घेतले आहे. निरोपात क्षेमकुशल नव्हते, फक्त आकडे होते: पुढचा कोपरा १३, खिडकीखाली १४, मागचा दिवा १४, झरोक्याजवळ १९; शनिवारी वर चढतो.